चौथी ओळ

शवपेटी चॅपेलच्या दारातून बाहेर काढत होते आणि वरच्या भोंग्यातून पोल्का नाचाची धून सुरू झाली, हे ब्राइस हसू दाबत दाबत सांगत होता, तेव्हा वेंडल फ्रीसेनला आपणच लिहिलेली एक ओळ आठवली. सव्वानऊ वाजले होते. रोज सव्वानऊला सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं, अशी या ऑफिसची रीत. बसलं की माणसं फार बोलतात म्हणून उभं राहायचं, असा शोध कुणा विद्वानाने लावला होता. माणसं बोलत तितकीच, फक्त वर पायही दुखवून घेत. वेंडल बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहायचा हा धंदा करत होता आणि त्यातली निदान दोन वर्षं तो असा उभा राहून मूर्खांकडे बघण्यात घालवून बसला होता.

"सहाजण पेटी उचलून चाललेत," ब्राइस म्हणाला, "डोळ्याला रुमाल, सगळं गंभीर. आणि एकदम धडाधड अ‍ॅकॉर्डियन! आणि ऐका, ऐका, पुढच्याची पावलंच तालावर पडायला लागली म्हणे. त्याला आवरताच येईना!"

सगळे हसले. नोरीन तेवढी हसली नाही. "कुणाची तरी आई होती ती, ब्राइस," ती म्हणाली.

"हो हो, वाईटच झालं," ब्राइसने चेहरा लगेच सांत्वनाचा केला. तो त्यांचा प्रमुख. वय चौतीस, आणि प्रत्येक वेळेचा चेहरा तयार ठेवलेला. "पण मी नोंद बघितली. मुलीने स्वतःच पोल्का निवडलाय. म्हणजे वापरणाऱ्याची चूक. उद्या रीतसर मीटिंग घेऊ, कागद करू, फ्यूनरल होमला पाठवून देऊ. यादी वेंडलची आहे ना? मग प्रश्नच मिटला."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. यादी वेंडलची, म्हणजे चूक माणसाची. हा मान त्याने बावीस वर्षांत दुसऱ्यांच्या चुका दाखवून दाखवून कमावला होता. माना डोलवणाऱ्या त्या सात डोक्यांकडे तो बघत राहिला. या सातांपैकी एकालाही, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, जरा उघडून तर बघू. एरवी त्याला हा विचार करून बरं वाटलं असतं.

कंपनी फ्यूनरल होमसाठी, म्हणजे अंत्यविधीची सोय लावणाऱ्यांसाठी, वेबपानं बनवायची. माणूस गेला की घरच्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेटी निवडायची, फुलं निवडायची, वेळ निवडायची, आणि पेटी बाहेर नेताना कुठलं संगीत लावायचं ते निवडायचं. संगीताच्या यादीत एकवीस ओळी. भजनं होती, पियानो होता, बॅगपाइप होतं, आणि इथल्या लोकांना मेल्यावरही लाज वाटत नसल्यामुळे पोल्काही होता. त्या यादीबद्दल कंपनीच्या कागदावर एकच वाक्य होतं: निवडलेली ओळ उठून दिसावी. या एका वाक्यावर दोन हिवाळ्यांपूर्वी तीन आठवडे मीटिंगा झाल्या. ओळीमागे रंगाची पट्टी यावी, इथपर्यंत पहिल्या पाच मिनिटांत सगळे आले. मग रंग कुठला. निळा म्हटलं तर थंड वाटतो, हिरवा म्हटलं तर घर विकल्यासारखा वाटतो. शेवटी टोरंटोहून एक बाई आणल्या, रंगांच्या जाणकार. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की पिवळा म्हणजे आशा, पण शोकात आशेने मोठ्याने बोलू नये. मग आशेचा आवाज कमी करत करत तिला शिळ्या लोण्याच्या रंगावर आणून ठेवलं. वेंडल त्या खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसायचा, मांडीवर लॅपटॉप उघडा, आणि समोरच्या बडबडीला मनातल्या मनात पाठ फिरवून काम उरकायचा. त्याने ती यादी तिथेच, त्या बाईंच्या आशेवरच्या भाषणात, एका दुपारी लिहून संपवली होती. तुमचं होतंय तोवर माझं झालंसुद्धा. हे त्याने तेव्हा दोनतीन जणांना ऐकवलंही होतं.

जागेवर येऊन त्याने ते पान उघडलं. उघडायची गरज नव्हती. ब्राइस 'पोल्का' म्हणाला त्याच क्षणी ती ओळ त्याला दिसली होती, अंधारात पायरी चुकली की पाय जमिनीला टेकायच्या आधी कळतं तशी. त्या एकवीस गाण्यांची यादी आपोआप वरखाली व्हायची, कारण जे गाणं लोक जास्त निवडतील ते वर, असा ब्राइसचाच एक लाडका हट्ट होता. आणि निवड लक्षात ठेवताना वेंडलच्या पानाने गाणं लक्षात ठेवलं नव्हतं. जागा लक्षात ठेवली होती. ओळ चौथी. मेलेल्या आईसाठी गाणं निवडणाऱ्या त्या बाईने चौथ्या ओळीवर बोट दाबलं, पट्टी चौथ्या ओळीवर आली. मग बाई कशाला तरी उठल्या असतील. तेवढ्यात दूर ब्रँडन गावात किंवा आणखी कुठे कुणीतरी आपल्या आजोबांसाठी पोल्का निवडला, पोल्का पाचवरून चारवर चढला, भजन खाली घसरलं, आणि ती लोण्याच्या रंगाची पट्टी मात्र चौथ्या जागेवर ढिम्म बसून राहिली. बाई परत आल्या, त्यांनी रंग बघितला, नाव बघितलं नाही. कोण बघतं? त्यासाठीच तर तीन आठवडे रंग शोधला होता. त्यांनी बटण दाबलं. रंग बरोबर की नाही याची एकोणीस माणसांनी खात्री केली होती. रंगाखाली काय आहे ते बघायचं काम एकाचं होतं.

वेंडलचा बाप पीटर फ्रीसेन धान्याचा तपासनीस होता, इथेच विनिपेगला, रेल्वेच्या यार्डात. गव्हाचा मूठभर नमुना ट्रेवर पसरायचा आणि चिमट्याने एकेक वाईट दाणा बाजूला काढायचा. घरी आल्यावरही तो चिमटा त्याच्या बोटांतून जायचा नाही. आईने केलेलं सूप तो पहिला चमचा उजेडाकडे धरून बघायचा. रविवारी मेनोनाइट चर्चमधून परत येताना गाडीत पास्टरच्या प्रवचनातले खडे निवडायचा. एक, दोन, तीन. मागच्या सीटवर वेंडल मोजत असायचा आणि त्याला वाटायचं की मोठं होणं म्हणजे हेच, दुसऱ्याच्या ताटातला खडा आधी दिसणं. मग एकदा बापाने बुरशी आलेल्या गव्हाची अख्खी वाघीण उत्तम म्हणून पास केली. वेंडल चौदा वर्षांचा होता. बाप म्हणाला, त्या दिवशी खिडकीतला उजेड वाईट होता. पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, ख्रिसमसला, वाढदिवसाला, कुणी विचारो न विचारो, तो त्या खिडकीबद्दल बोलत राहिला. ती खिडकी उत्तरेला होती, तिच्या काचेला आतून बर्फ धरायचं, आणि असंच बरंच. वेंडलने बापाला बाकी सगळं माफ केलं होतं. ती खिडकी नाही.

त्याच्या डोक्यात आत्ता आलं ते असं: रंगाच्या बाईंचं भाषण चालू होतं. लक्ष विचलित झालं होतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

आणि मग नोरीन. नोरीन मँगुबात, त्याच्यापासून तिसऱ्या टेबलावर, दिवसभर अंगावर जाड स्वेटर घेऊन बसणारी, पंधरा वर्षं हॉस्पिटलात रुग्णांची सेवा करून मग चाळिशीत हा धंदा शिकलेली. पहिल्याच वर्षी तिने फुलांची यादी बनवली होती आणि तिच्या यादीत हीच चूक होती. हीच. सावकाश बघितली तर शब्दाला शब्द हीच. तिच्यामुळे कुणाचं नुकसान झालं नव्हतं, वेंडलने ती आधीच पकडली होती. पण त्याने ती गुपचूप सांगितली नाही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली, सगळ्यांना बोलावलं, आणि म्हणाला, "नर्सबाई, नंबर जागेचा असतो, माणसाचा नसतो. हॉस्पिटलात पण असंच करत होतीस का? खाट नंबर चार, कापा!" लोक पोट धरून हसले. नोरीनही हसली, आणि मग तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. ते वाक्य वेंडलला इतकं आवडलं होतं की नंतर दोन वर्षं तो ते नव्या माणसांना ऐकवायचा. खाट नंबर चार. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याने संगीताची यादी लिहिली होती. तारखा त्याने दोनदा ताडून बघितल्या. तीनच महिने.

तक्रारीच्या कागदाखाली मृत बाईंचं नाव होतं, पारास्का स्टेफानिक, वय ब्याऐंशी, आणि मुलीचा फोन नंबर. मुलीचं नाव ल्युबा. उद्याच्या मीटिंगनंतर या ल्युबाबाईंना कळवलं जाणार होतं की तुमच्या आईच्या शेवटच्या वाटेवर पोल्का तुम्हीच लावलात, आमच्याकडे नोंद आहे. आता कुठल्याही सभ्य माणसाने उठून ब्राइसकडे जायचं आणि सांगायचं, माझी चूक. वेंडलने दोनदा खुर्ची मागे सारली. पण ब्राइसचा तो सांत्वनाचा चेहरा! तो म्हणणार, इथे कुणी कुणाला दोष देत नाही, वेंडल, आपण सगळे शिकतोय. खांद्यावर हात ठेवणार. ज्या माणसाला आपण तीन वर्षं मठ्ठ समजत आलो त्याने आपल्याला माफ करायचं, यापेक्षा पोल्कावर पेटी वाहणं बरं. अनोळखी बाईकडे कबूल करणं सोपं होतं. ती रडेल, शिव्या देईल, फोन आपटेल. शिव्या त्याला चालणार होत्या.

जेवणाच्या सुट्टीत तो गाडीत जाऊन बसला. बाहेर उणे एकतीस होतं. गाडी गोठू नये म्हणून लावलेली वायर खांबाला तशीच ठेवून त्याने इंजिन चालू केलं, हातमोजा दाताने ओढून काढला आणि नंबर फिरवला.

"काही विकत असाल तर नको," पलीकडून बाई म्हणाली.

"नाही, नाही. ल्युबा स्टेफानिक ना? ते फ्यूनरल होमचं पान आहे, गाणी निवडायचं. ते मी बनवलंय."

"अगं बाई! पोल्कावाले!" आणि ती खो-खो हसायला लागली. वेंडलने फोन कानापासून लांब धरला. या हसण्याची त्याने तयारी केली नव्हती. "अहो, तक्रार मी नाही हो केली. ती त्या फ्यूनरल होमवाल्याने केली, त्याची अब्रू गेली म्हणे. मी निवडलं होतं भजन, शपथेवर सांगते. तेवढ्यात हॉलवाल्या बाईचा फोन आला, नंतरच्या जेवणाला पिरोगी किती डझन, कांद्याची की चीजची. परत येऊन बघते तर पिवळी पट्टी जिथल्या तिथे. दाबलं बटण. आणि त्या दिवशी ते ढँगढँग सुरू झाल्यावर मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण समोर ऑरेस्ट, माझा भाऊ, पेटीच्या पुढच्या कोपऱ्याला. सहा वर्षं तोंड बघत नव्हता माझं, आईला मी वृद्धाश्रमात ठेवलं म्हणून. तर त्याचे पाय नाचायला लागले! लहानपणी आई त्याला आपल्या पावलांवर उभा करून याच पोल्कावर स्वयंपाकघरभर फिरवायची. रडत होता मेला, आणि पाय टाकत होता. पेटी गाडीत ठेवली आणि सरळ माझ्याकडे आला. म्हणतो, हे म्हातारीनेच लावलं, तिला भजनं कधी आवडायची? दोन रविवार झाले, जेवायला येतोय."

इथे गप्प बसता आलं असतं. कुणीही शहाणा माणूस बसला असता. पण आईने वरून येऊन यादीत बोट घातलं, हे ऐकून वेंडलच्या आतला तो चिमटा आपोआप उघडला. पन्नाशीची, शिकलीसवरलेली बाई, आणि काय बोलते!

"बाई, ते तुमच्या आईने नाही लावलं," तो म्हणाला, आणि त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. जागा आणि गाणं. चौथी ओळ. ब्रँडनचे कुणाचेतरी आजोबा. त्याने फार छान समजावलं. बोलताना त्याला स्वतःलाच जाणवलं की आपण हे किती स्वच्छ सांगतोय.

काचेवर त्याच्या श्वासाचं बर्फ धरत होतं.

"म्हणजे तुम्ही लावलंत," ल्युबा म्हणाली.

"मी लावलं असं नाही, पण... हो. मी."

"तुम्हाला विचारलं होतं कुणी?"

"उद्या कागद निघणार आहे. त्यात तुमची चूक म्हणून लिहितील. म्हटलं, खरं काय ते—"

"लिहू दे की! माझी तर माझी. ऑरेस्ट म्हणेल, आईनेच हिच्या हातून करून घेतलं. पण तुमची चूक म्हणून कागद आला ना, तर तो फ्यूनरल होमवाला आधी ऑरेस्टला सांगेल. एकाच संघात कर्लिंग खेळतात दोघं. मग ऑरेस्ट म्हणणार, मशीन बिघडलं होतं. मशीनसाठी कोण येतं हो जेवायला?"

"मग मी काय खोटं बोलू?"

"बोलू नका. गप्प बसा नुसतं. जमतं का तुम्हाला?"

तिने फोन ठेवला. वेंडल इंजिनाचा आवाज ऐकत बसला. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटतंय हे लक्षात आल्यावर एकदम घाण वाटलं. कारण हिशेब फार सोयीचा होता. त्या बाईच्या भल्यासाठी आता त्याने काहीही कबूल करायचं नव्हतं. तिने गप्प राहायला सांगितलं होतं, तो तिचा शब्द पाळणार होता. तिने सांगितलं नसतं तर आपण वर जाऊन बोललो असतो का, हा प्रश्न त्याने गाडीतून उतरताना आतच ठेवून दार लावलं, पण तो त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये आला.

चूक दुरुस्त करायलाच हवी होती. उद्या आणखी कुणाची पेटी बॅगपाइपऐवजी कशावर निघेल याचा नेम नव्हता. दुरुस्ती एका ओळीची, अर्ध्या मिनिटाची. पण केलेला प्रत्येक बदल नावासकट, तारखेसकट, कारणासकट सगळ्यांना दिसतो. तेव्हा ती एक ओळ कशाच्या तरी पोटात लपवायला हवी होती. वेंडलने बराच वेळ विचार केला आणि मग जे काम त्याने बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. पट्टीचा रंग बदलला. शिळं लोणी काढून मोहरीचा पिवळा घातला, तो जिथे जिथे येत होता त्या नऊ ठिकाणी घातला, आणि नऊ बदलांच्या मधोमध सहाव्या जागी ती एक ओळ सरकवून दिली. कारण लिहिलं: 'निवडलेली ओळ अधिक उठून दिसावी म्हणून.' हे वाक्य आपल्या बोटांनी लिहिलं याचं त्याला आश्चर्य वाटलं.

आता या ऑफिसची दुसरी रीत अशी की कुणाचाही बदल दुसऱ्या एकाने वाचून ठीक म्हटल्याशिवाय आत जात नाही. कोण वाचणार ते पाळीने ठरतं, मशीन ठरवतं. एरवी वेंडलचे बदल कुणी वाचतच नसे. त्याचं नाव दिसलं की लोक डोळे मिटून ठीक म्हणत, आणि त्याबद्दलही तो त्यांना तुच्छ समजत आला होता. पाळी नोरीनची निघाली. नोरीन वाचायची. दोन वर्षांपूर्वीपासून ती प्रत्येक ओळ वाचायची, बोट पडद्याला लावून.

तो तिच्या पाठीकडे बघत बसला. बोट खाली सरकत होतं. रंग, रंग, रंग. मग बोट थांबलं. स्वेटरच्या आत तिचे खांदे किंचित वर आले आणि तसेच राहिले. तिने मागे वळून बघितलं नाही. वेंडलला वाटलं, आता ती उठेल. ते मोठ्या पडद्यावर लावेल, सगळ्यांना हाक मारेल. त्याने तिच्यासाठी वाक्यसुद्धा तयार केलं, आणि ते त्याच्या जुन्या वाक्याइतकं चांगलं होईना. मार बाई, तो मनात म्हणाला. एकदाची मार.

नोरीन उठली ती हातात चहाचा कप घेऊन. त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"वेंडल, तो रंग."

"काय झालं रंगाला?"

"काही नाही. छान आहे." तिने चहाचा घोट घेतला. "सहावा जास्त छान आहे."

त्याने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की थांब, हे मी माझ्यासाठी लपवत नाहीये. एक बाई आहे, तिचा भाऊ आहे, रविवारचं जेवण आहे. पण ते सांगणं म्हणजेच ते मोडणं होतं. शिवाय सांगायला घेतलं असतं तर ते कसं ऐकू आलं असतं, हे त्याला बोलण्याआधीच ऐकू आलं. उत्तरेची खिडकी, काचेला आतून बर्फ.

"ठीक म्हणू मग?" नोरीनने विचारलं.

"म्हण."

ती जागेवर गेली आणि तिने ठीक म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग बसून झाली, कारण विषय गंभीर होता. ब्राइसने कागद वाचून दाखवला. वापरणाऱ्याची चूक, यादीत दोष नाही, कुटुंबाबद्दल मनापासून सहानुभूती. कुणाला काही म्हणायचंय का, त्याने विचारलं. वेंडल समोरच्या टेबलाच्या लाकडातली एक गाठ बघत होता. त्याला काही म्हणायचं नव्हतं. ल्युबाने विचारलं होतं, जमतं का, तर जमत होतं. फारच सहज जमत होतं.

"आणि मंडळी, एक गोष्ट सांगू?" ब्राइसचा चेहरा अभिमानाचा झाला. "चूक आपली नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, वेंडलने काल बसून पट्टीचा रंग गडद केला. का, तर पुढच्या कुणा बिचाऱ्या माणसाला निवडलेलं नीट दिसावं! याला म्हणतात काळजी. वेंडल, रंगांवर इतका विश्वास तुझा, आणि आम्हाला पत्ताच नाही!"

टाळ्या पडल्या. वेंडलने मान खाली घातली, आणि तो विनय आहे असं समजून त्या जास्तच पडल्या. मग एकेकाच्या थांबल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर, टेबलाच्या टोकाला, स्वेटरच्या लांब बाह्यांमधून नोरीनने आणखी दोन वाजवल्या. सावकाश, त्याच्याकडे बघत.